ज्याला सापडला, त्याने सांगायचं

अलीगंज, लखनऊ
२ जून २०२४

दादा,

जय भीम. त्याच्या आधीचं 'सप्रेम' या खेपेला गाळलं आहे. चुकून नाही.

कागद बघून दचकू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर नेहमीसारखा एक अंगठा पाठवून तू मोकळा झाला असतास. इथे ती सोय नाही.

काल जेवताना तुझ्या चॅनलवरचा नवा व्हिडिओ लावला. पोर्तुगालच्या बंदरावरचा तो हेवी मेटल बँड, 'वॉर्डन्स ऑफ सॉल्ट', आणि त्यांचा एकुलता एक अल्बम. म्हटलं, चला, याची पाळी आली एकदाची. मग तू बोलायला लागलास आणि माझा घास हातातच राहिला.

'मैं पापा के पास बैठा था,' अशी सुरुवात केलीस. जन्मभर बाबा म्हटलंस, कॅमेऱ्यासमोर त्यांचे पापा झाले. पुढे हॉस्पिटलचा वॉर्ड, गेल्या वर्षीच्या जानेवारीतलं धुकं, एक इअरफोन तुझ्या कानात, दुसरा त्यांच्या. आणि शेवटी त्यांचं वाक्य. 'ये लड़का जल्दी में है, पर ठेका नहीं छोड़ता.'

दादा, बाबा 'लड़का' म्हणाले नव्हते. 'हा पोट्टा घाईत आहे, पण ठेका सोडत नाही,' असं म्हणाले होते. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं ढोलकी वाजवलेला माणूस, त्याला ड्रमरबद्दलच बोलायचं होतं. ते मला म्हणाले होते. इअरफोन माझ्या कानात होता. तू बेंगळुरूत होतास, धुक्याने विमानं रद्द झाली होती आणि तू फोनवर रडत होतास. बाबांच्या पुण्यानुमोदनानंतर तू परत गेलास तेव्हा मी तुला ते सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. सांगताना मधे एका ठिकाणी मला बोलवेना. व्हिडिओत तू नेमका तिथेच थांबतोस. माझ्या रडण्याचीसुद्धा जागा सोडली नाहीस.

इअरफोनची वायर नळीत अडकू नये म्हणून बाबांनी ती बोटाला गुंडाळून धरली होती, हेही सांगितलंस. हे मी तुला कधी बोलले ते आठवत नाही. पण बोलले असणारच, तू काय तिथे होतास?

नियम कोणी केले होते? तूच. मी आठवीत, तू कॉलेजात, आणि कूलरच्या आवाजात आपण एक इअरफोन वाटून घ्यायचो. अल्बम पूर्ण ऐकायचा. मधे बोलायचं नाही. पुढच्या गाण्यावर उडी मारायची नाही. आणि शेवटचा नियम तू बाबांच्या साहेबी आवाजात सांगायचास: 'ज्याला सापडला, त्याने सांगायचं.' अल्बम कसा सापडला, कुठे ऐकला, कुठल्या जागी अंगावर काटा आला, ते सांगायचा हक्क शोधणाऱ्याचा. दुसऱ्याने गुमान ऐकायचं.

तुझ्या चॅनलवरचे निम्म्याहून जास्त अल्बम मी शोधलेले आहेत. इन्शुरन्सच्या ऑफिसातून आले की मी हेच करते. जुन्या सीडीच्या पाठीवर बँडने कोणाकोणाचे आभार मानलेत ते वाचायचं, त्यातलं न ऐकलेलं नाव धरायचं आणि माग काढत जायचं. मुखपृष्ठावर तलवार जितकी वाईट काढलेली, तितका आतला माल चांगला, हा माझा शोध. तू 'हमने ढूँढा' म्हणायचास, मी काही बोलले नाही. गाणी कोणाच्या बापाची नसतात. पण हा बाप होता.

व्हिडिओच्या शेवटी तू सांगतोस की बँडचा मेल आला, ते अल्बम नव्याने काढणार आहेत आणि आतल्या पानावर तुझा मजकूर छापणार आहेत, बाबांच्या वाक्यासकट, तुझ्या नावाने. ते छापायला जाण्याआधी त्यांना खरं कळव. एवढंच मागते.

विनीता

---

१२ जून २०२४

दादा,

ही दसहरीची पेटी आईकडून. आंबे तिचे, कागद माझा, दोन्हींत गल्लत करू नकोस. मलिहाबादहून स्वतः आणायला लावली तिने मला, स्कूटरवर, लू वाहत असताना. मी या वर्षी पाठवणार नव्हते.

तुला पत्र मिळालं हे मला आईकडून कळलं. मी लिहिलं आणि तू तिला फोन केलास. तिला काय सांगितलंस माहीत नाही, पण दोन दिवस ती माझ्याशी असं बोलत होती की जणू मीच कोणाचं काही उचललं आहे. मला मात्र एका ओळीचा मेसेज: 'यार विनू, बाबा मेरे भी थे.'

होते ना. नाही कोण म्हणतं? बाबा तुझेही होते, पण ती दुपार तुझी नव्हती. एवढा साधा हिशेब इंजिनियरला कळू नये?

आईने तो व्हिडिओ पाहिला. एकदा नाही, रोज पाहते. भाजी निवडताना मोबाइल डब्याला टेकवून ठेवते. तू बोलत असतोस, मागे तो उंच आवाज, दोन गिटारी बरोबरीने चढत जातात, आणि आपली आई गयाबाई मेथीच्या काड्या बाजूला काढत असते. तिला त्या संगीतातलं काही कळत नाही. परवा मी म्हटलं, 'आई, हे सगळं माझं आहे, तुला माहीत आहे ना? तिथे कोण बसलं होतं?' ती म्हणाली, 'माहीत आहे गं. पण किती छान बोलतो तो.' आणि परत पहिल्यापासून लावला.

मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

गेल्या आठवड्यात मला एक अल्बम सापडला आहे. नाव सांगणार नाही. देशही सांगणार नाही. एवढंच सांगते की दुसऱ्या गाण्यात कीबोर्ड एकटा राहतो, ताल साताचा होतो, आणि गाणारा त्या साताच्या पाठीवर इतकी सरळ, साधी चाल ठेवतो की पहिल्या वेळी मला ताल बदलल्याचं कळलंच नाही. तू वेडा झाला असतास. हा मी एकटीने ऐकला. कोणाला सांगावंसं वाटलं तेव्हा फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

आंबे दोन दिवस कागदातच राहू दे. मग खा.

विनीता

---

३० जून २०२४

दादा,

अखेर तू मला फोन केलास. कशासाठी? माफी मागायला नाही, तर तुझी अडचण झाली म्हणून.

बँडचा ड्रमर, दुआर्ते, तुला विचारतोय की तू अल्बममधल्या सगळ्या गाण्यांबद्दल बोललास, मग सगळ्यात मोठ्या गाण्याबद्दल एक शब्दही का नाही? निम्मा अल्बम तर तेच गाणं आहे. बाकीची सगळी गाणी त्याच्याकडे चालत येतात. बंदराचा बांध वाहून जातो आणि माणसं तो पुन्हा बांधतात, ती सगळी गोष्ट तिथे आहे. या प्रकारचं संगीत ऐकणारा माणूस एक वेळ जेवण विसरेल, पण असं लांबलचक गाणं सोडणार नाही. त्याला वाटतंय की तुला ते आवडलं नाही. म्हातारा बिचारा मनाला लावून बसलाय.

आणि तू मला विचारतोस, 'विनू, तूने वो वाला क्यों छोड़ दिया था?'

म्हणजे माझी नोट उचलताना तू अल्बम परत लावूनसुद्धा पाहिला नाहीस. पूर्ण ऐकायचा, हा तुझाच पहिला नियम. जे मी बोलले ते तू बोललास, जे मी गाळलं ते तूही गाळलंस. नक्कल करताना पोरं शेजारच्याचा रोल नंबरसुद्धा उतरवतात, तसं झालं हे.

ऐक तर मग. नागपूरच्या डॉक्टर राजरत्नमामाला बाबांच्या छातीचे सगळे एक्स-रे आणि रिपोर्ट तातडीने पाठवायचे होते. माझा फोन भरलेला होता, फोटो निघेना. हा अल्बम ऑनलाइन कुठे मिळत नाही, त्याच्या फाइल्स तुला पाठवल्या तशाच माझ्याही फोनमध्ये ठेवल्या होत्या. सगळ्यात जड फाइल त्या गाण्याची होती. मी ती पुसली. त्या जागेवर बाबांच्या फुप्फुसांचे फोटो आले. मामाने ते पाहिले आणि बराच वेळ त्याचा फोन आला नाही, तेव्हाच मी समजले.

म्हणून बाबांनी ते गाणं ऐकलं नाही. माझी नोट बाबांनी काय ऐकलं याबद्दल होती, त्यात ते कुठून येणार? ही काही समीक्षा नव्हती.

आता सांग दुआर्तेला. पण काय सांगशील? की फाइल 'मैंने' पुसली? हेही तुझंच म्हणून सांगणार असशील तर आधी मला कळव, म्हणजे त्या दिवशी फोनची बॅटरी किती टक्के उरली होती तेही लिहून पाठवते.

विनीता

---

१४ जुलै २०२४

दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आधीची तीन लिहिताना मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. रागाला धार होती. आता ती नाही.

काल दुपारी लाइट गेली होती. आई आंब्याच्या शेवटच्या फळांचा रस काढत होती, मी वारा घालत होते. ती एकदम म्हणाली, 'विनू, नागसेनला पत्रं टाकायची बंद कर.'

'का? मी त्यात खोटं लिहिते का?'

'खोटं नाही. पण तुला सगळं माहीत नाही.' मग कोय पिळत पिळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तो आला होता.'

'कुठे?'

'हॉस्पिटलात. मी खाली भैयाकडून संत्री घ्यायला गेले होते ना, वर आले तर वॉर्डच्या दाराशी उभा. काचेला लागून. पाठीवर बॅग. मी म्हटलं, अरे आत जा, बाबा जागे आहेत. तर हललाच नाही. म्हणाला, आई, मुझसे नहीं होगा.'

मी पंखा खाली ठेवला. 'मग?'

'मग काय. तुम्ही दोघं आत कानाला ते लावून बसला होतात. बाबा हसत होते. तो बघत राहिला, बघत राहिला, आणि परत फिरला. पायाला हात लावून म्हणाला, विनूला सांगू नको. मी त्याच्या हातात दोन संत्री दिली.'

'आणि धुकं? विमानं?'

'ते त्याने नंतर सांगितलं तुला. मी काय मधे बोलू?'

'मी दीड वर्ष धुक्याला शिव्या दिल्या, आई.'

'त्याला बसायचं होतं गं. बसता आलं नाही. आता बोलून घेतोय. बोलू दे त्याला.'

'आणि मी? मी कुठे बोलू?'

दादा, तिने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की ते मला जन्मभर सलत राहील. म्हणाली, 'तू तर बसली होतीस ना. तुला बोलायची काय गरज?'

वायर बाबांनी बोटाला गुंडाळली होती, ते मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. तू पाहिलं होतंस. मी तुला चोर समजत होते. चोर असतास तर परवडलं असतं, दादा. चोर दूर असतो, त्याला आपलं माणूस दिसत नाही. तू मला पाहिलंस. मी एकटी बसले आहे, उजव्या हाताने बाबांची उशी धरून ठेवली आहे, हे काचेतून पाहिलंस आणि परत गेलास. आणि संध्याकाळी मला फोन करून विमानतळावरच्या धुक्याबद्दल रडलास. मीच तुला समजावलं होतं, आठवतं का? 'दादा, तू त्रास करून घेऊ नकोस, मी आहे ना इथे,' असं म्हणाले होते मी.

आणि आई. तिने हे मनात ठेवून रोज माझ्यासोबत चहा घेतला. बाबांच्या पहिल्या वर्षाला, वंदनेनंतर, मी सगळ्यांसमोर म्हटलं की दादाला शेवटचं भेटता आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. ती माझ्याच शेजारी बसली होती. पदराने डोळे पुसले तिने. मला वाटलं, तुझ्यासाठी. आता वाटतं, लाजेने पुसले असतील. कोणास ठाऊक.

तू घाबरलास हे मी समजू शकते. मी पण घाबरले होते. लष्कराच्या छावणीतल्या ऑफिसात फाइली छातीशी धरून ताठ चालणारा माणूस तसा झालेला बघवत नव्हता. पण तुला भीती वाटली तेव्हा जाण्यासाठी दार होतं. मी दाराच्या आत होते.

घरात तिघं होतो. दोघांना माहीत होतं.

विनीता

---

११ ऑगस्ट २०२४

दादा,

आई म्हणते तू व्हिडिओ काढून टाकलास. मी सांगितलं नव्हतं. मी पाहायला गेले आणि तिथे काहीच नव्हतं, तेव्हा बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. खाली लोकांनी आपापल्या आईबापांबद्दल लिहिलं होतं, तेही तुझ्यासोबत गेलं.

मी दुआर्तेला लिहिलं. माझ्या इंग्रजीत, जसं जमलं तसं. कोण बसलं होतं, वाक्य कोणाचं, ते गाणं का पुसलं गेलं, सगळं सांगितलं. तू माझं घेतलंस वगैरे काही लिहिलं नाही, घरातली भांडणं मी पोर्तुगालला नेत नाही. फक्त म्हटलं की मजकूर माझा आहे आणि तो मी नव्याने लिहीन.

त्याचं उत्तर मोठं आहे. तो आता बंदरावर क्रेन चालवतो. अल्बम आला तेव्हा गावातसुद्धा कोणी घेतला नव्हता, उरलेल्या सीड्या त्याच्या आईने पाहुण्यांना वाटल्या. बाबांचं वाक्य त्याने गाणाऱ्याला फोनवर ऐकवलं, कारण तो गाणारा त्याला कायम हेच सांगायचा की तू घाई करतोस. पहिल्या अर्ध्या वाक्यापुरतं गाणाऱ्याचं खरं निघालं, असं म्हणून दोघं हसले. आणि ते पुसलेलं गाणं त्याने मला पाठवलं. मी ते ऐकलं, सकाळी, ऑफिसला जायच्या आधी. फार चांगलं आहे. त्याबद्दल मी तुला काही सांगणार नाही.

आतल्या पानासाठी मी हे लिहिलं आहे. इंग्रजीत छापतील, तुला मराठीत लिहून देते, म्हणजे तुला पळवाट राहणार नाही:

'माझे वडील दयाराम यांनी आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात हा अल्बम लखनऊच्या एका हॉस्पिटलात ऐकला. त्याआधी त्यांनी असलं काही ऐकलं नव्हतं. ते स्वतः ढोलकी वाजवत. ड्रमरबद्दल ते म्हणाले, हा पोट्टा घाईत आहे, पण ठेका सोडत नाही. एक इअरफोन त्यांच्या कानात होता, एक माझ्या. असं ऐकायला मला माझ्या भावाने शिकवलं. तो काचेच्या दारापलीकडे उभा होता. तो आत आला नाही. आईने त्याच्या हातात दोन संत्री दिली आणि तो गेला. हे मला दीड वर्षाने कळलं. विनीता, लखनऊ.'

आईला वाचून दाखवलं. तिने पिठाची चाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, 'संत्र्यांचं कशाला लिहिलंस?' मी म्हटलं, 'कारण ती तू दिलीस.' संध्याकाळी तिने माझ्यासाठी वेगळी भाकरी टाकली, खरपूस, मला आवडते तशी. मी खाल्ली. तिच्याशी नीट बोलायला मला अजून वेळ लागेल.

दुआर्तेचं म्हणणं असं की मजकुरात ज्यांचा उल्लेख आहे त्यांची हरकत नसावी. बाबांना विचारता येत नाही. आई चालेल म्हणाली. राहिलास तू.

तुझ्या पाच ओळी मी काढू शकते. असं ऐकायला तू मला शिकवलंस इथपासून ते मला दीड वर्षाने कळलं इथपर्यंतच्या. काढल्या तरी बाकीचं सगळं जसंच्या तसं उभं राहतं, मी वाचून पाहिलं आहे. मग तू धुक्यातच अडकलेला होतास. लखनऊला आलाच नव्हतास, बाबांना हसताना पाहिलंच नव्हतंस, आणि आम्हा दोघांच्या कानात एकेक इअरफोन आला कुठून हेही कोणाला कळणार नाही. ठेवल्या, तर तू तिथे होतास आणि निघून गेलास, हे छापलं जाईल, आणि जो कोणी अल्बम उघडेल तो वाचेल.

तिसरं काही मी लिहिणार नाही. तसं झालं नव्हतं.

महिनाअखेरीस ते छापायला देणार आहेत. काय ठेवायचं ते मला सांग, दादा. आईला फोन करून नको.

विनीता